शिकलेला माणूस विज्ञान मानतोच?

‘विज्ञानावर अविश्वास म्हणजे अडाणीपणा, शिक्षण वाढलं की तो जातो.’ इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपवर हे अधूनमधून फिरतं. पटण्यासारखं आहे, मलाही पटलं होतं. पण अमेरिकेत हवामानबदलावरच्या सर्वेक्षणांत उलटंच दिसतं: डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन या दोन पक्षांच्या समर्थकांच्या मतांमधली दरी कमी शिकलेल्यांत लहान, पदवीधरांत मोठी. शिक्षणाबरोबर आपल्या बाजूचे युक्तिवाद शोधायचं कसबही वाढतं, असं याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

शिवाय अविश्वास सरसकट नसतो. ग्रहणाची वेळ सगळेच मानतात. तिच्यावर कुठल्या पक्षाचा शिक्का नाही. पडताळायचंय? सर्वेक्षणाचा नुसता एकूण आकडा पाहू नका, शिक्षण आणि पक्ष हे रकाने एकत्र वाचा. नाहीतर राजवाड्यापाशी पोहे खाताना काकांना आधी ग्रहणाबद्दल विचारा, मग बीटी वांग्याबद्दल, म्हणजे कीड लागू नये म्हणून जनुकं बदललेल्या वांग्याबद्दल.