यादी कुणाची? मुंबईतल्या वस्त्यांनी स्वतःची मोजणी हातात का घेतली

मुंबईत झोपडी तुटली की पर्यायी घर मिळणार का, हे ठरतं यादीतल्या नावावर. राज्य सरकारने 4 जानेवारी 1976 रोजी सरकारी, पालिकेच्या आणि गृहनिर्माण मंडळाच्या जमिनींवरच्या झोपड्यांची गणना केली आणि फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाची फोटो असलेली ओळखपत्रं, दिले. फुटपाथवर राहणाऱ्या बहुतेकांची त्यात नोंद झालीच नाही. त्याच वर्षी मे महिन्यात, आणीबाणीत, भाभा अणुसंशोधन केंद्राशेजारची जनता कॉलनी पाडून सुमारे 70 हजार माणसांना चिता कॅम्पला हलवलं गेलं. या पाडकामाविरुद्धच्या लढ्याचं नेतृत्व जोकिन अर्पुथम यांनी केलं. कोलारहून मुंबईत आलेला हा सुतारकाम करणारा तरुण पुढे नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन या झोपडपट्टीवासीयांच्या संघटनेचा आधार झाला. वस्तीतला कचरा पालिका उचलत नाही म्हणून त्यांनी मुलांना सोबत घेऊन तो पालिकेच्याच कार्यालयासमोर नेऊन टाकला होता. त्यांना 2000 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर 2018 मध्ये त्यांचं निधन झालं.

फुटपाथचा प्रश्न पेटला तो 1981 च्या जुलैत. ऐन पावसात मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवून गावी पाठवण्याचा आदेश दिला. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 10 जुलै 1985 ला आला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्याने मान्य केलं. पण फुटपाथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला. 31 ऑक्टोबरपर्यंत झोपड्या हटवू नयेत, एवढी मुदत दिली. 1976 च्या गणनेत ज्यांची नोंद होती, त्यांनाच पर्यायी जागा मिळणार होती. ज्यांची मोजणीच झाली नव्हती, त्यांच्या हाती त्या निकालातून फारसं काही आलं नाही.

शीला पटेल, प्रेमा गोपालन आणि सेलिन डिक्रूझ यांनी 1984 मध्ये भायखळ्यात ‘स्पार्क’ ही स्वयंसेवी संस्था सुरू केली होती. निकालानंतर मोर्चे काढायचे की तोडकामाची वाट बघायची, अशा पेचात असताना त्यांनी तिसरी वाट धरली: फुटपाथवरच्या बायकांना सोबत घेऊन मोजणी. भायखळ्याच्या ई वॉर्डात आणि मुख्य रस्त्यांवर सुमारे 6 हजार कुटुंबांची माहिती गोळा झाली. ही माणसं भटकी नाहीत, कामासाठी आलेली आहेत, कित्येक वर्षं तिथेच आहेत आणि बहुतेक जण कामावर पायी जातात, असं त्यातून कागदावर आलं. पुढच्याच वर्षी, 1986 मध्ये, याच बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. माझ्या मते, वकिलांच्या युक्तिवादापेक्षा या कागदाने या वस्त्यांना जास्त बळ दिलं.

पुढच्या काळात मोजणीची पद्धत पक्की होत गेली. आधी वस्तीतली माणसं सगळ्या गल्ल्या फिरून कच्चा नकाशा काढतात: नळ, संडास, गटार, देऊळ, मशीद, दुकानं. मग गल्लीच्या क्रमाने प्रत्येक दारावर नंबर टाकतात. त्यानंतर घरोघरी फॉर्म: माणसं किती, कधी आले, काम काय, रेशनकार्ड आणि मतदारयादीत नाव आहे का. शेवटची पायरी सर्वांत मोलाची. यादी वस्तीत लावायची, मोठ्याने वाचायची आणि हरकती तिथेच ऐकायच्या. खोटं नाव घुसवलं तर साहेबांना कळणार नाही, शेजारणीला लगेच कळतं.

मोजणी बिघडते तीही ठरावीक ठिकाणी. दिवसा गेलात तर घरकाम करणाऱ्या बायका भेटत नाहीत आणि अर्ध्या दारांवर कुलूप. म्हणून फेरी रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी ठेवायची. खडूचे नंबर पावसात पुसले जातात, तिथे ऑइलपेंटच हवा. एका झोपडीत दोन कुटुंबं असली तर माणसं मोजून उलगडा होत नाही, चुली मोजाव्या लागतात. भाडेकरू आणि माळ्यावर राहणारे हमखास सुटतात. आणि नाव फक्त नवऱ्याचं लिहिलं, तर तो सोडून गेल्यावर बाईचा घरावरचा दावाच उरत नाही.

यादीला जोड होती बचतीची. महिला मिलनच्या बायका दारोदार जाऊन रोज जमेल तेवढे पैसे गोळा करत. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक घराची एक प्लास्टिकची पिशवी असे आणि तीत रंगीत कागदाचे तुकडे, एकेका रकमेचा एकेक रंग. घराचा नमुनाही याच बायकांनी साड्यांनी मापं घेऊन मांडला. छत 14 फूट उंच ठेवलं, म्हणजे पोटमाळा निघतो.

या सगळ्याची मोठी परीक्षा रेल्वेलगत झाली. 1980 च्या दशकाच्या शेवटी रुळांलगतच्या सुमारे 18 हजार झोपड्यांची गणना सरकार, रेल्वे आणि फेडरेशनने मिळून केली. झोपड्या रुळांना इतक्या चिकटून होत्या की काही पट्ट्यांत गाड्या ताशी 15 किलोमीटरने चालवाव्या लागत. जागतिक बँकेच्या कर्जावरच्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात पुनर्वसनासाठी हीच पद्धत वापरली. साधारण 50 कुटुंबांचे गट पाडले, म्हणजे जुने शेजारी नव्या इमारतीतही एकत्र राहतील.

इथेच पद्धतीची मर्यादाही उघडी पडली. याच प्रकल्पातल्या रस्तारुंदीत दुकानं गेलेल्या व्यापाऱ्यांनी जागतिक बँकेच्या तपासणी समितीकडे तक्रार केली. सुरुवातीच्या पाहणीतल्या त्रुटी आणि दुकानदारांकडे झालेलं दुर्लक्ष समितीने नोंदवलं आणि मार्च 2006 मध्ये बँकेने काही काळ कर्जाचे हप्ते थांबवले. राहत्या घरासाठी केलेला फॉर्म दुकानाला पुरत नाही. तिथे गाळ्याचं क्षेत्रफळ, रस्त्याकडची रुंदी, परवाना, कामगार, रोजचं गिऱ्हाईक कुठून येतं, हे सगळं लिहावं लागतं. यातलं काही न लिहिता 225 चौरस फुटांचा गाळा आतल्या गल्लीत दिला, तर दुकान कागदावर राहतं आणि धंदा बसतो.