पवित्र परंपरा आणि कॅथलिक धर्मशिक्षण

येशू ख्रिस्ताने प्रेषितांवर (आपल्या निवडक शिष्यांवर) सोपवलेली शिकवण बायबल आणि पवित्र परंपरा या दोहोंतून पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचते, अशी कॅथलिक ख्रिस्तसभेची श्रद्धा आहे. नव्या कराराचे लेखन होण्याआधीपासूनच प्रेषित उपदेश करत होते, बाप्तिस्मा देत होते. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२:१५) तोंडी किंवा पत्राने मिळालेली शिकवण घट्ट धरून राहण्यास सांगितले आहे.

धर्मशिक्षणात परंपरा म्हणजे नेमके काय, हे बाप्तिस्म्याच्या तयारीत सर्वांत स्पष्ट दिसते. चौथ्या शतकात जेरुसलेमचे बिशप सिरिल उमेदवारांना विश्वासांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेचे थोडक्यात निवेदन) शिकवत. तो कागदावर उतरवू नका, हृदयावर कोरा, असे ते बजावत. उमेदवार तो पाठ करून सर्वांसमोर म्हणत. हा विधी प्रौढांच्या बाप्तिस्म्यासाठी १९७२ साली पुन्हा रूढ करण्यात आला. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात विश्वासांगीकार आणि पाचव्या आठवड्यात प्रभूची प्रार्थना उमेदवारांच्या स्वाधीन केली जाते. श्रद्धा आधी जगलेल्यांकडून ऐकून घ्यायची असते, हे कोणत्याही व्याख्येपेक्षा या विधीतून अधिक उमगते.

प्रोटेस्टंट सुधारकांनी केवळ शास्त्रालाच (बायबललाच) अंतिम प्रमाण मानल्यावर कॅथलिक ख्रिस्तसभेच्या ट्रेंट परिषदेने १५४६ साली शास्त्र आणि प्रेषितांपासून आलेली परंपरा यांना समान आदराचे स्थान दिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘देई व्हर्बुम’ (१९६५) या दस्तऐवजाने दोन्ही एकाच दैवी स्रोतातून उगम पावतात, असे सांगितले. त्यांचा अधिकृत अर्थ लावण्याचे काम पोप व बिशपांचे. मात्र हा शिक्षणाधिकार देववचनाच्या वर नसून त्याचा सेवक आहे. हे वाक्य धर्मशिक्षकाने कधीही विसरू नये, इतके ते महत्त्वाचे आहे.

१९९२ च्या कॅथलिक कॅटेकिझमचे (धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथाचे) विश्वासांगीकार, संस्कार, ख्रिस्ती जीवन (दहा आज्ञांसह) व प्रार्थना असे चार भाग आहेत. १५६६ च्या रोमन कॅटेकिझमची मांडणीही अशीच होती. १९९२ च्या कॅटेकिझममध्ये बायबलच्या वचनांसोबत धर्मपितरांचे (आरंभीच्या शतकांतील ख्रिस्ती आचार्यांचे), परिषदांचे, उपासनेतील आणि संतांचे शब्द येतात.

वर्गात गोंधळ होतो तो बहुधा प्रेषितांची परंपरा आणि काळानुरूप पडलेल्या प्रथा यांत. कॅटेकिझम (परिच्छेद ८३) हा भेद स्पष्ट करतो. पवित्र मिस्सेत (भाकर व द्राक्षरसाच्या उपासनेत) ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो, ही श्रद्धा बदलता येत नाही. लॅटिन विधीतील (पाश्चात्त्य कॅथलिक परंपरेतील) धर्मगुरूंचे ब्रह्मचर्य मात्र शिस्तीचा नियम आहे. अनेक पौर्वात्य कॅथलिक ख्रिस्तसभांमध्ये विवाहित पुरुषांनाही गुरुदीक्षा मिळते.