टाकी फुल्ल, तरी नळाला पाणी येईना

आठ-दहा दिवसांनी पाणी सुटतं, रात्री-बेरात्री उठून मोटर लावून वरची टाकी भरायची आणि सकाळी बाथरूमचा नळ उघडला की नुसतं फुस्स. संभाजीनगर असो की लातूर, आपल्या मराठवाड्यात हे घरोघरी होतं, आणि लोक लगेच म्हणतात पाइप चोकअप झाला, प्लंबरला बोलवा. पण बऱ्याचदा पाइपात कचरा वगैरे काही नसतो, हवा अडकलेली असते. एअर लॉक म्हणतात त्याला.

कसं होतं बघा. पाणी लांबलं की टाकी तळापर्यंत रिकामी होते आणि पाइपात हवा शिरते. गच्चीवरचा पाइप काही सरळ खाली येत नाही, कुठं कठड्यावरून चढून जातो, कुठं उन्हानं वाकून मधेच उंचवटा होतो, टाकी परत भरली की हवा तिथं कोंडते. एरवी उंचवट्याच्या पलीकडं उतरणारं पाणी आपल्या वजनानं मागच्या पाण्याला सोबत घेऊन जातं, तिथं हवा बसली की ही मदत बंद, सगळा जोर टाकीतल्या लेव्हललाच लावावा लागतो. आणि तो असतो तरी किती? 10 मीटर उंच पाण्याचा दाब साधारण 1 बार, म्हणजे टाकी नळापेक्षा 3 मीटर वर असली तर जेमतेम 0.3 बार. म्हणूनच अर्ध्या टाकीला न येणारं पाणी टाकी काठोकाठ भरली की कधीकधी आपोआप चालू होतं.

आधी घरातले सगळे नळ पूर्ण उघडा, सगळ्यात खालचा पहिले, आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. नाही जमलं तर उलटा दाब द्यायचा. नगरपालिकेचं पाणी जोरात चालू असताना डायरेक्ट लाइनच्या नळाला रबरी पाइप लावा, दुसरं टोक बंद पडलेल्या नळाला क्लॅम्पनं घट्ट बसवा आणि दोन्ही नळ उघडा, पाणी उलटं वर चढतं आणि टाकीत बुडबुडे निघताना दिसतात. बुडबुडे थांबले की लगेच नळ बंद करून पाइप काढायचा, कारण लाइनचा दाब गेला तर तुमच्या टाकीतलं पाणी गावाच्या पिण्याच्या लाइनीत जाईल, तिथं हयगय नको. कायमचा इलाज म्हणजे टाकीतून निघालेल्या पाइपाला लगेच एक उभा एअर पाइप, टाकीच्या वरच्या लेव्हलपेक्षा उंच, तोंड खाली वळवलेलं आणि जाळी बांधलेली. घर बांधतानाच तो मागून घ्या, खर्च फार नसतो.

दुसरा त्रास क्षाराचा. आपल्या काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरलाय, दुसरा सोर्सच नसेल तर 600 पर्यंत चालतो. पाणी तापलं की किंवा थेंब वाळला की पांढरा थर बसतो, म्हणून शॉवर आणि नळाच्या तोंडची जाळी बुजते. जाळी फिरवून काढा, कोमट पाण्यात व्हिनेगर नाहीतर लिंबूसत्व टाकून अर्धा तास बुडवा. बारीक फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, थर विरघळायला लागल्याची खूण. मग जुन्या टूथब्रशनं घासून टाका. संडास धुवायचं ॲसिड नळाला लावू नका, वरचं क्रोम उडतं, आणि ते ब्लीचिंगमधे तर अजिबात मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममधे तो जिवावर बेतू शकतो.

आता गळका नळ. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब, 20 थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी दिवसाला चार लिटरच्या वर जातं, महिन्याला सव्वाशेच्या पुढं. 2016 च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस आठवले की "नळ गळायलाय, गळू दे" म्हणवत नाही. जोर लावून आवळलं की आतला वायसर अजून चेपतो आणि जास्त गळतो. कॉक बंद करा, पान्ह्यानं स्पिंडल काढा, तळाचा वायसर बदला, तेवढंच. मात्र पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळात वायसर नसतो, सिरॅमिक डिस्कचं कार्ट्रिज असतं, ते अख्खं बदलावं लागतं, दुकानात जुनं सोबत न्या, साइज वेगवेगळे येतात. जोडातून झिरपत असेल तर टेफलॉन टेप, आटे आपल्याकडं धरून घड्याळाच्या दिशेनं गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर आवळताना सुटून येते.

भिंतीच्या आत ओल दिसली किंवा गीझरच्या टाकीतून पाणी गळत असेल तर मात्र स्वतः हात घालू नका, गीझरचा मेन स्विच बंद करून माणूस बोलवा.