प्रोटॉनची अदलाबदल म्हणजे उत्परिवर्तन नव्हे

नाशिकमध्ये कॉलेज रोडवरच्या शिकवण्यांतून बारावीची मुले एक विधान हमखास घेऊन येतात: डीएनएच्या बेसजोडीतील (दोन साखळ्यांवरील समोरासमोरच्या बेसच्या जोडीतील) प्रोटॉन टनेलिंगने, म्हणजे ऊर्जेचा अडथळा पार करण्याइतकी ऊर्जा नसतानाही क्वांटम परिणामाने, पलीकडे जातात आणि उत्परिवर्तने त्यातूनच घडतात, हे सिद्ध झाले आहे. ते सिद्ध झालेले नाही. १९६३ साली स्वीडिश क्वांटम रसायनशास्त्रज्ञ पेर-ओलोव्ह लोव्हदिन यांनी हे गृहीतक म्हणून मांडले होते, आणि पुढच्या संगणकीय अभ्यासांनी त्याला आधार दिला तशा मर्यादाही घातल्या.

ग्वानिन-सायटोसिन जोडीतील तीन हायड्रोजन बंधांपैकी दोन बंधांतले प्रोटॉन विरुद्ध दिशांनी सरकले, म्हणजे ग्वानिनच्या नायट्रोजनवरचा सायटोसिनकडे आणि सायटोसिनच्या अमिनो गटातला ग्वानिनच्या ऑक्सिजनकडे गेला, की दोन्ही बेस टॉटोमर रूपात जातात, म्हणजे अणू तेच पण हायड्रोजनची जागा बदललेली; असा बेस प्रत बनताना चुकीच्या बेसशी जुळू शकतो. ऊर्जेच्या आलेखावर या रूपासाठी उथळ का होईना, खळगा सापडतो, म्हणजे ते थोडा वेळ टिकू शकते. अ‍ॅडेनिन-थायमिन जोडीत मात्र तो इतका नाममात्र आहे की प्रोटॉन जवळजवळ तत्क्षणी माघारी येतात, आणि प्रत बनेपर्यंत ते रूप टिकतच नाही.

२०२२ साली ब्रिटनमधील सरे विद्यापीठातील गटाने ग्वानिन-सायटोसिनमधील टॉटोमरची संभाव्यता सुमारे १.७३ × १०⁻⁴ इतकी काढली. हाच उत्परिवर्तनाचा दर, असा सर्वाधिक गैरसमज याच आकड्यावरून पसरला, असे मला वाटते. पेशीत प्रत काढताना अंतिम चूक साधारण अब्ज बेसमागे एखादी होते, कारण मधे पॉलिमरेजची (डीएनएची प्रत बनवणाऱ्या विकराची) निवड, तपासणी आणि दुरुस्ती असते. शिवाय साखळ्या विलग होताना किती टॉटोमर टिकतात, हाही वेगळाच प्रश्न आहे.