हिरवा ठिपका, लास्ट सीन: हे सगळं आलं कुठनं

"ऑनलाइन दिसत होतास की रात्री, मग रिप्लाय का न्हाई दिलास?" ह्यावरनं आमच्या कोल्हापुरात दोस्तीत, नवराबायकोत लई भांडणं बघितलीत मी, म्हणून हे 'ऑनलाइन' आणि 'लास्ट सीन' दाखवायचं आलं कुठनं ते जरा सविस्तर लिहितोय.

हे प्रकरण मोबाइलच्या लई आधीचं आहे. 1971 ला स्टॅनफर्डच्या एआय लॅबमध्ये लेस अर्नेस्ट यांनी 'फिंगर' नावाचा प्रोग्राम लिहिला. तेव्हा एकच मोठा कॉम्प्युटर सगळ्यांनी वाटून वापरायचा, मग आत्ता कोण बसलंय, कोण किती वेळ नुसतंच थांबलंय हे कळायला पाहिजे होतं, आणि लोक यादीवरनं बोट फिरवत नावं शोधायची म्हणून नाव पडलं फिंगर. पुढं 1996 ला इस्रायलमधनं आयसीक्यू नावाचा चॅटिंगचा प्रोग्राम आला, त्यात माणूस असला तर हिरवं फूल, नसला तर लाल. 1998 ला याहूचा तसलाच पेजर नावाचा प्रोग्राम आला, तोच पुढं याहू मेसेंजर झाला.

आमची सुरुवात याहूवरच, राजारामपुरीतल्या एका नेट कॅफेत. खुर्चीत बसून लॉगिन केलं की आपण ऑनलाइन, उठलो की संपलं. 'बिझी' लावायचं का 'इनव्हिजिबल' बसायचं ते आपण ठरवायचो. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथंच पडला, कारण तेव्हा मी आहे हे मी सांगत होतो, आता फोन परस्पर सांगतोय.

व्हॉट्सअ‍ॅप 2009 ला निघालं तेच मुळी स्टेटससाठी, नावापुढं 'जिममध्ये आहे', 'बॅटरी संपत आलीय' असं दिसावं एवढीच ते काढणाऱ्या जॅन कूम यांची कल्पना होती, मेसेज नंतर आले. चालतं कसं, तर अ‍ॅप उघडलं की फोनची सर्व्हरशी लाइन जोडली जाते आणि ज्यानं तुमचं चॅट उघडलंय त्याला 'ऑनलाइन' दिसतं. लाइन तुटली की ती वेळ म्हणजे लास्ट सीन. म्हणजे ऑनलाइनचा अर्थ फक्त अ‍ॅप समोर उघडं आहे, तुमचा मेसेज वाचला असा न्हाई!

हे मला नीट कळलं ते ऑगस्ट 2019 च्या पुरात. मामा प्रयाग चिखलीत अडकलेला, फोन लागत नव्हता, आणि आई दर पाच मिनिटांनी त्याचं चॅट उघडून बघायची, लास्ट सीन पहाटेचं, तिथंच थांबलेलं. मी तिला सांगत होतो की आई, लाइट न्हाई, चार्जिंग न्हाई, फोन बंद पडला की ते पुढं सरकतच न्हाई, पण तिचा जीव काय ऱ्हाईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नावाखाली 'ऑनलाइन' आलं, मेसेज अजून आलाच नव्हता, तरी आई रडायलाच लागली.

लपवायच्या सोयी हळूहळू आल्या. नोव्हेंबर 2014 ला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज वाचल्याचं दाखवणाऱ्या निळ्या टिक आल्या, लोक चिडले, लगेच बंद करायची सोय द्यावी लागली. इन्स्टाग्रामनं 2018 ला अ‍ॅक्टिव्हिटी स्टेटस, म्हणजे कोण कधी अ‍ॅपवर होतं ते दाखवायचं, आणलं तेव्हा बंद करायचं बटण सोबतच होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लास्ट सीन ठराविक लोकांपासनं लपवायचं 2022 च्या जूनमध्ये आलं, आणि 'ऑनलाइन'सुद्धा लपवता येईल हे त्याच ऑगस्टमध्ये जाहीर झालं, म्हणजे तेरा वर्षं लागली, हे मला अजिबात पटत न्हाई. आपलं लपवलं की दुसऱ्याचंबी दिसत न्हाई, हा नियम मात्र बरोबर वाटतो.

मी कामावरच्या लोकांना त्या वगळायच्या यादीत टाकलंय. आईनं कुणालाच टाकलेलं न्हाई, आणि मामालाबी कुणाला टाकू दिलेलं न्हाई.