वाहतूक आणि मालवहनातील खुली डेटा मानके

मार्ग, थांबे, वेळापत्रके, वाहनांची ठिकाणे आणि मालाची स्थिती ही माहिती एका संगणकप्रणालीतून दुसरीत जाताना कोणत्या रचनेत व कोणत्या अर्थाने लिहायची, याचे जाहीर नियम म्हणजे खुली डेटा मानके. नियम कोणालाही वाचता येतात आणि ते वापरायला स्वामित्वशुल्क पडत नाही, एवढाच येथे ‘खुले’ या शब्दाचा अर्थ. मानक खुले असले म्हणून माहितीही खुली असते असे नाही. बसचे वेळापत्रक सगळ्यांसाठी असते; कंटेनरमधला माल कोणाचा, हे मात्र मोजक्यांनाच कळायचे असते.

प्रवासी वाहतुकीत सर्वाधिक चालते ते जीटीएफएस (जनरल ट्रान्झिट फीड स्पेसिफिकेशन) हे वेळापत्रकांचे मानक. अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेतील बिबियाना मॅकह्यू यांना खटकले ते असे, की मोटारीने कसे जायचे हे इंटरनेटवर चटकन सापडते, बसने कसे जायचे हे सापडत नाही. त्यांनी गूगलशी संपर्क साधला आणि २००५ मध्ये या मानकाचा पहिला वापर पोर्टलंडमध्येच झाला. नावातल्या ‘जी’चा अर्थ आधी गूगल होता, नंतर तो ‘जनरल’ झाला. रचना अगदी साधी : थांबे, मार्ग, फेऱ्या, फेरीच्या थांब्यांवरील वेळा अशा स्वल्पविरामांनी तोडलेल्या मजकूर फायली, एका झिपमध्ये बांधलेल्या. त्यातली एक खुबी पाहण्यासारखी आहे. रात्री ११:४० ला सुटून १:३५ ला पोहोचणाऱ्या फेरीची शेवटची वेळ येथे २५:३५:०० अशी लिहितात. घड्याळात असा आकडा नाही, पण त्यामुळे फेरी ज्या दिवसाची, त्याच दिवसाच्या खात्यात राहते. वाहनाचे थेट ठिकाण, उशीर आणि सूचना यांसाठी २०११ मध्ये जीटीएफएस रिअलटाइम आले. भाड्याच्या सायकलींसाठी जीबीएफएस हे वेगळे मानक आहे. युरोपातील नेटेक्स आणि सिरी ही मानके अधिक तपशीलवार आहेत. तरीही जीटीएफएस पसरले, त्याचे मोठे श्रेय त्याच्या साधेपणाला द्यावे लागते : छोटी संस्थाही स्प्रेडशीटमध्ये बसून ते तयार करू शकते.

मालवहनातील परंपरा याहून जुनी आहे. कंटेनर क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ६३४६ घ्या. ‘सीएसक्यूयू ३०५४३८ ३’ या क्रमांकातला शेवटचा ३ हा तपासणी अंक आहे. अक्षरांना ठरावीक किंमती देतात, प्रत्येक स्थानाला १, २, ४, ८ असे दुपटीचे भार लावून गुणतात आणि बेरजेला ११ ने भागतात. येथे बेरीज ६१८५ येते, बाकी ३. टंकताना ‘०५’ चे ‘५०’ झाले तर बाकी ८ उरते आणि चूक तिथेच पकडली जाते.

व्यापारी संदेशांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखाली १९८७ मध्ये एडिफॅक्ट हे मानक आले. त्याची लवचीकता हीच त्याची अडचण ठरली. ऐच्छिक रकाने इतके, की प्रत्येक दोन कंपन्या आपापसांत वेगळी वापरपुस्तिका ठरवू लागल्या. मानक एक, पण बोली अनेक. म्हणून प्रत्येक नव्या भागीदारासाठी जोडणीचे काम पुन्हा करावे लागते. मोठ्या कंटेनर जहाज कंपन्यांनी २०१९ मध्ये स्थापन केलेली डीसीएसए ही संस्था आता वेब एपीआयवर (इंटरनेटवरून एका प्रणालीने दुसरीकडे थेट माहिती मागण्याच्या सोयीवर) आधारित मानके प्रसिद्ध करते. त्यांत प्रत्येक वेळेला ती नियोजित, अंदाजित की प्रत्यक्ष, असा शिक्का असतो.

फायलीची रचना ठरवणे त्या मानाने सोपे. खरी मेहनत शब्दांचा अर्थ ठरवण्यात जाते, आणि ‘पोहोचले’ हा त्यातला सर्वांत चिवट शब्द. बंदरमार्गदर्शक, म्हणजे जहाजाला बंदरात आणणारा वाटाड्या, जिथे जहाजावर चढतो, तिथे पोहोचणे ही एक वेळ; धक्क्याला लागणे ही दुसरी; आणि या दोहोंत कित्येक तासांचे अंतर असू शकते. म्हणून बंदरभेटीच्या मानकांत ही ठिकाणे वेगवेगळी नोंदवतात. बंदराने धक्का मोकळा होण्याची वेळ वेळेत कळवली, तर जहाज वाटेतच वेग कमी करते. एरवी ते घाईने येऊन नांगर टाकून थांबते आणि इंधन उगाच जळते.