रेडिओ-नियंत्रित ग्लायडर (पुणे परिसर)

इंजिन नसलेले आणि जमिनीवरून रेडिओ ट्रान्समीटरने चालवले जाणारे विमानाचे मॉडेल. हे मॉडेल सतत खालीच येत असते; ज्या हवेतून ते खाली येते ती हवाच त्याहून वेगाने वर चढत असली, तर ते उंची कमावते. अशी हवा शोधणे हा या छंदाचा अर्धा भाग, आणि ती सापडेपर्यंत मॉडेल सरळ उडेल असे बांधणे हा उरलेला. हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग सेंटर आहे, तिथे माणूस बसतो तो खरा ग्लायडर विंचच्या दोरीने वर ओढला जातो. ही नोंद त्याच्या हातभर-दोन हात पंखांच्या भावंडांविषयी आहे.

रेडिओने ग्लायडर चालवण्याचे सुरुवातीचे यशस्वी प्रयोग १९३७ मध्ये अमेरिकेत रॉस हल आणि क्लिंटन डिसोटो या हौशी रेडिओवाल्यांनी केले. पुण्यात अनेकांची पहिली ओळख एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते, कारण एरोमॉडेलिंग तिथल्या प्रशिक्षणाचाच भाग आहे. पूर्वीच्या रेडिओंत प्रत्येकाचा क्रिस्टल (रेडिओची वारंवारता ठरवणारा सुटा भाग) वेगळा लागे आणि दोघांचा एकच निघाला तर एकाचे विमान पडे. वारंवारता आपली आपण निवडणारे २.४ गिगाहर्ट्झचे संच आले आणि हे भांडण मिटले.

बांधणी

परदेशी पुस्तकांत बाल्सा लाकूड असते. इथे बहुतेकांचा श्रीगणेशा थर्माकोलवर होतो. २०१८ च्या राज्यातील प्लास्टिक-थर्माकोल बंदीनंतर मखरांचा थर्माकोल आटला, तरी फ्रिज-टीव्हीच्या खोक्यातला आणि छताच्या इन्सुलेशनचा फोम मिळतो. पंखाचा छेद कापायला नायक्रोमच्या तारेची धनुकली करतात, दोन टोकांना सनमायकाचे साचे टाचणीने बसवतात आणि तापलेली तार त्यांच्यावरून दोघांनी मिळून ओढायची असते. एकाचा हात थबकला की तिथे खळगा पडतो. पंखाच्या टोकाचा साचा लहान असल्याने त्या बाजूच्या माणसाला सावकाश जावे लागते. हे जमायला दोन-तीन पंख वाया जातातच. पाठीचा कणा म्हणून कार्बनची नळी घालतात, नसेल तर पतंगाची किंवा आकाशकंदिलाची कामटी. झटपट चिकटणारे गोंद थर्माकोल खातात, म्हणून पांढरा फेव्हिकॉल किंवा एपॉक्सी वापरतात. वरून रंगीत पॅकिंग टेप, पुढच्या काठापासून मागे न ओढता मागून पुढे, म्हणजे टेपचा जोड वाऱ्यात उचकटत नाही.

कनेक्टर, वायरी यांसाठी बुधवार पेठेतली पासोड्या विठोबाची आणि तपकीर गल्लीची फेरी होते. हार्डवेअर आणि सटरफटर वस्तूंना बोहरी आळी. सर्वो (रेडिओच्या हुकमाने मॉडेलच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) मात्र बहुधा ऑनलाइनच मागवले जातात.

सोप्या मॉडेलला दोनच चॅनल (रेडिओवरून दिले जाणारे वेगवेगळे हुकूम) पुरतात, रडर (डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची उभी झडप) आणि एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी झडप). त्यासाठी पंखांची टोके वर वाकवलेली असतात, म्हणजे रडर दिला की मॉडेल आपोआप कलते. टेकडीवर जोराच्या वाऱ्यात एलेरॉन (पंखांच्या मागच्या काठावरच्या, मॉडेल कलवणाऱ्या झडपा) लागतात. हाताने तबकडीसारखे फिरवून फेकण्याचे मॉडेल (स्पर्धांतला एफ३के वर्ग) हे सर्वांत नाजूक: पंखांचा विस्तार १.५ मीटरपर्यंत, वजन बहुधा २५० ग्रॅमच्या आसपास. ते पंखाच्या टोकाला धरून, स्वतःभोवती एक गिरकी घेऊन सोडतात.

तोल

नवख्याच्या दहातल्या बहुतेक तक्रारी रेडिओवर ढकलल्या जातात आणि निघतात तोलाच्या. पंखाच्या रुंदीच्या पुढच्या काठापासून साधारण ३० ते ३५ टक्क्यांवर दोन तर्जन्या टेकवून मॉडेल उचलले, तर ते आडवे, नाक किंचित खाली ठेवून राहायला हवे. शेपटी झुकली तर नाकात वजन घालायचे. मासेमारीचे शिसे त्यासाठी उत्तम, नसले तर नाणी. पाच रुपयांचे पितळी रंगाचे नाणे साधारण ६ ते ७ ग्रॅमचे असते, म्हणजे वजनकाटा न लावताही अंदाज येतो.

पण वजन घालण्याआधी शेपटी हलकी करावी, याचा हिशोब सरळ आहे. समजा शेपटी तोलबिंदूच्या मागे ७० सेंमी आणि नाक पुढे २५ सेंमी. मग शेपटीतला १ ग्रॅम नाकात २.८ ग्रॅम मागतो. तुटलेल्या शेपटीवर ढोबळ हाताने ५ ग्रॅम एपॉक्सी लावली की नाकात १४ ग्रॅम, एकूण १९ ग्रॅमची भर. दुरुस्त्या साठत जाऊन जुने मॉडेल "म्हातारे" होते ते असेच.

तोल बरोबर आहे का, हे उडवून पाहण्याची रीत अशी: पुरेशा उंचीवर सरळ तरंगताना नाक साधारण ३० अंश खाली करायचे आणि स्टिक (ट्रान्समीटरची दांडी) सोडून द्यायची. मॉडेल झपाट्याने वर उसळले तर नाक जड, आणि त्याला सरळ ठेवायला एलेव्हेटर वर ट्रिम केलेला (कायमचा थोडा वर ठेवलेला) आहे. तसेच सरळ जात राहिले किंवा हलकेच वर आले तर ठीक. डुबकी आणखी खोल होत गेली तर शेपटी जड. लगेच स्टिक ओढा. प्रस्तुत नोंदलेखकाने ही चाचणी पहिल्यांदा २० मीटरवर केली होती. तिसऱ्या पर्यायाला २० मीटर पुरत नाहीत.

पुण्याची हवा

शहर सुमारे ५६० मीटर उंचीवर. एप्रिलच्या दुपारी तापमान ३८ अंशांवर गेले की हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १३ टक्के विरळ होते, आणि तेच मॉडेल तरंगत ठेवायला सुमारे ७ टक्के जास्त वेग लागतो. परदेशी आराखड्यावरून हुबेहूब बांधलेले मॉडेल उन्हाळ्यात अंमळ घाईघाईने उतरते त्याचे हे एक कारण.

भरपाई थर्मलच्या रूपाने होते. फेब्रुवारीपासून मेपर्यंत नांगरलेली शेते, पत्र्याची छपरे आणि बेसॉल्टचे उघडे कातळ तापतात, आणि सकाळी दहाच्या सुमारास हवेचे गरम स्तंभ सुटू लागतात. ते दिसत नाहीत, पण घारी दिसतात. पंख न हलवता गोल फिरत वर जाणारी घार हे फुकटचे यंत्र आहे. दोन-तीन एकत्र असल्या तर विचारूच नका. मॉडेलचा एक पंख अचानक उचलला गेला तर थर्मल त्याच बाजूला असतो, पण मॉडेल आपसूक उलट बाजूला ढकलले जाते. तेव्हा ज्या बाजूने हिसका दिला तिकडेच वळायचे. स्तंभ वाऱ्याबरोबर सरकतो, म्हणून गिरक्याही वाऱ्याच्या दिशेने सरकू द्याव्या लागतात, आणि परतीला समोरून वारा आहे हे भान ठेवावे लागते. शेतात धुळीची वावटळ उठलेली दिसली तर तिथे थर्मल आहे खरा, पण हलक्या मॉडेलने लांबच राहावे.

दुपार कलली की घाटावरून पश्चिमेचा गार वारा येतो आणि टेकडीवरच्या उड्डाणाची वेळ होते. उतारावर आदळलेला वारा वर वळतो, त्या पट्ट्यात मॉडेल इकडून तिकडे आठ आकड्यात फिरवत ठेवायचे. वळण नेहमी टेकडीपासून दूर, वाऱ्याकडे तोंड करून. इथे पुण्याच्या भूगोलाची एक खोड आडवी येते. सिंहगड-भुलेश्वर रांग पश्चिमेकडून पूर्वेकडे पसरलेली आहे, त्यामुळे पश्चिमेचा वारा तिच्यावर आदळण्याऐवजी तिच्या कडेने वाहून जातो. बोपदेव किंवा दिवे घाटाकडे पाहून "केवढा कडा!" म्हणणाऱ्याची निराशा होते, कामाची असते ती मुख्य रांगेतून निघालेली, पश्चिमेला तोंड केलेली एखादी सोंड. मावळात कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग चालते ते याच हवेवर. तिथे माणूस उडत असेल तर मॉडेल खाली ठेवायचे, यात चर्चा नाही.

दुसरी खोड कातळाची. सह्याद्रीच्या टेकड्या पायऱ्यापायऱ्यांच्या आणि माथ्यावर सपाट. वारा कड्यावरून चढताना प्रत्येक पायरीशी घुसळतो, आणि माथ्याच्या काठामागे हवेचा भोवरा तयार होतो. उतरायला मऊ गवत नेमके तिथेच असते. सावकाश, नाक वर करून त्या गवताकडे येणारे मॉडेल शेवटच्या दोन मीटरमध्ये दगडासारखे पडते. म्हणून काठापासून बरेच मागे, आणि थोडा जास्त वेग ठेवून उतरवतात.

वेताळ टेकडीची उंची सुमारे ८०० मीटर असली, तरी फिरायला येणारी माणसे, मोर आणि शहराची दाट वस्ती यांमुळे ती मॉडेलसाठी योग्य जागा म्हणता येत नाही. पुण्याभोवती लोहगावचा हवाई तळ, खडकवासल्याची एनडीए आणि इतर संरक्षण संस्था आहेत. ड्रोन नियम, २०२१ हे मॉडेल ग्लायडरलाही लागू होतात. हिरव्या क्षेत्रात साधारणपणे १२० मीटरपर्यंत मुभा असते, लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा. संक्रांतीच्या आठवड्यात तर मांज्यामुळेच घरी बसलेले बरे.

बिघाड

लाटांसारखे वर-खाली जाणे, म्हणजे नाक वर, वेग मरतो, नाक पडते, पुन्हा वर: आधी एलेव्हेटरचा ट्रिम, मग तोल पाहावा. एकाच बाजूला ओढणे: पंख पिळलेला आहे का ते मागून एका डोळ्याने पाहावे. उन्हाळ्यात गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवलेला गडद टेपचा पंख तासाभरात पिळतो, आणि तो दोष आठवडाभर रडरमध्ये शोधला जातो. सावकाश वळणात एक पंख धपकन पडणे म्हणजे टोकाकडचा पंख आधी उचल देणे थांबवतो. टोकाचा मागचा काठ दोन अंश वर पिळला की बरेचसे भागते. वेगात गुरगुरल्यासारखा आवाज आला तर ते फडफडणे आहे, लगेच वेग कमी करावा. खाली आल्यावर सर्वोची दांडी आणि बिजागरी हलवून पाहावी, कुठेतरी खुळखुळ सापडते.

रेडिओचे खरे दोष मोजके. कार्बन फायबर रेडिओलहरी अडवतो, म्हणून कार्बनच्या धडात रिसीव्हरची अँटेना बाहेर काढावी. एखादा सर्वो अडकला की तो बॅटरी ओढतो, व्होल्टेज पडते आणि रिसीव्हर क्षणभर झोपतो. जमिनीवर आल्यावर सगळे ठणठणीत दिसते, म्हणून हा दोष पकडायला सर्वांत अवघड. आणि उलटा एलेरॉन. स्टिक ज्या बाजूला, त्या बाजूचा एलेरॉन वर गेला पाहिजे. हे प्रत्येक वेळी, फेकण्याच्या आधी, मागे उभे राहून पाहावे. मॉडेल आपल्याकडे तोंड करून येत असताना डावे-उजवे उलटते, तेव्हा जो पंख खाली गेलाय त्याच्याखाली स्टिकने टेकू द्यायचा, एवढेच लक्षात ठेवले तरी चालते.